कर्ज नंतर बघू, आधी जागा आणि कागद: कारागिरांनी पालिका-पंचायतीकडून मदत कशी मिळवायची

सावंतवाडीच्या चितार आळीत एका काकांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत पाच योजनांची माहितीपत्रकं होती. काका लाकडी वांग्याला जांभळा रंग लावत बसले होते. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं की तळहातावर ठेवलं तर वजन जाणवत नाही. देठाचा हिरवा आधीच वाळला होता आणि जांभळा त्याला कुठेही शिवत नव्हता. मी व्याज, अनुदान, हप्ते असं सगळं सांगून थांबलो. त्यांनी ब्रश डबीत उभा केला आणि म्हणाले, "कर्ज नको माका, झिला. विकूचा खंय, ता सांग."

तेव्हापासून मी माझा क्रमच उलटा केला. कारागिरांच्या आणि लोककलावंतांच्या फायली करून देणं हे माझं रोजचं काम. सरकारी मदत म्हणजे कर्ज आणि अनुदान असं धरून लोक थेट जिल्ह्याच्या ठिकाणी धाव घेतात, आणि घराशेजारची ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद जे देऊ शकते ते मागतच नाहीत. पालिकेची तिजोरी बेताची असते, कबूल. पण गाळा तिचा, मैदान तिचं, नाट्यगृह तिचं, दाखला तिचा, आणि समारंभात वाटायची स्मृतिचिन्हंही तीच विकत घेते.

पायरी १: आपण सरकारच्या कुठल्या रकान्यात बसतो ते बघा

हे आधी का, तर चुकीच्या दारात उभं राहून महिने जातात. पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, मूर्तिकार-पाथरवट, चर्मकार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, माळी म्हणजे हार करणारे, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, पारंपरिक खेळणी करणारे, मासेमारीची जाळी विणणारे, होड्या बांधणारे, कुलूप करणारे, शस्त्रं घडवणारे आणि हातोडा-हत्यारं करणारे. सावंतवाडीचा खेळणीवाला यात बसतो. येवल्याचा पैठणी विणकर किंवा डहाणूकडचा वारली चित्रकार बसत नाही. मी अशा लोकांना सेवा केंद्रातून हात हलवत परत येताना पाहिलंय.

जे बसत नाहीत त्यांची दारं वेगळी. हस्तकलेत मोडणाऱ्यांनी केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांचं 'पहचान' ओळखपत्र काढावं, हातमाग विणकरांनी वस्त्रोद्योगाकडचं. चामड्याच्या कामासाठी संत रोहिदास महामंडळ, म्हणजे लिडकॉम. रंगमंचावरच्या मंडळींना सांस्कृतिक कार्य संचालनालय.

आणि जिल्हा उद्योग केंद्र? ते सगळ्यांना सामाईक. कारभार राज्य सरकारचा, पण जिल्ह्यात बसतं म्हणून लोक त्याला जिल्हा परिषदेचं समजतात आणि चुकीच्या इमारतीत दुपार घालवतात.

पायरी २: फाईल

एक जाड फाईल घ्या. आधार, पॅन, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, घराचा नमुना ८ चा उतारा किंवा शहरात घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला. प्रत्येकाच्या चार प्रती. आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. बाकी सगळं ठीक असून ओटीपी मुलाच्या जुन्या, बंद नंबरवर जातो आणि सगळा दिवस वाया जातो.

सर्वात जास्त फायली अडतात त्या नावाच्या स्पेलिंगवर. एका वहिनींच्या आडनावात आधारवर इंग्रजी 'व्ही' होतं, पॅनवर 'डब्ल्यू', आणि बँकेत लग्नाआधीचं नाव. तीन कागदांवर तीन बायका. बँकेनं अर्ज परत पाठवला, त्यात चूक कोणाचीच म्हणता येणार नाही, पण दुरुस्तीला अडीच महिने गेले आणि तोवर त्या वर्षाचं उद्दिष्ट संपलं होतं. म्हणून योजना निवडण्याच्याही आधी नावं एकसारखी करून घ्या.

दोन कागद लोकांना सुचत नाहीत. पहिला, 'सदर इसम अमुक व्यवसाय अमुक वर्षांपासून करतात' असा ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा दाखला. दुसरा, कामाचे फोटो. नुसत्या वस्तूचे नकोत, तुम्ही स्वतः काम करताना हात आणि हत्यारं दिसतील असे.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद. १ जुलै २०२० पासून ती आधारवर, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. शोधायला गेलं की सरकारी वाटणारी, पैसे मागणारी चार संकेतस्थळं आधी समोर येतात. नोंदणीचे पैसे मागितले की समजायचं, आपण चुकीच्या पानावर आहोत.

आता सवयीची गोष्ट. अर्ज कुठेही द्या, दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "साहेबांकडे ठेवतो, काळजी करू नका" असं म्हणणारा माणूस चांगला असतो, पण पुढच्या महिन्यात त्याची बदली झालेली असते.

पायरी ३: वेळ साधा

मार्चमध्ये पालिकेत गेलात तर 'निधी नाही' ऐकाल, आणि ते खोटं नसेल. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक नगरपरिषदेत जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं, जिल्हा परिषदेचं मार्चमध्ये, ग्रामपंचायतीचा आराखडा त्याही आधी. म्हणजे मागणी दिवाळीच्या आगेमागे लेखी पोचली पाहिजे. गावात असाल तर २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. त्या ग्रामसभेत हात वर करून बोला आणि विषय इतिवृत्तात आला की नाही ते दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. बायकांचा विषय असेल तर आधी होणाऱ्या महिला सभेत मांडा; तिथून आलेला ठराव ग्रामसभेत सहसा कोणी अडवत नाही.

स्थानिक संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला काही वाटा महिला-बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवावाच लागतो. जिल्हा परिषदेत याला 'सेस फंड' म्हणतात. शिलाई मशीन, पिको-फॉलचं यंत्र, पिठाची गिरणी यातूनच येतात. जाहिरात छोटी असते, पंचायत समितीच्या फलकावर चार दिवस दिसते आणि दुसऱ्या कागदाखाली जाते. यातल्या अनेक योजनांत वस्तू आधी आपण घ्यायची, पावती द्यायची आणि मग पैसे खात्यावर येतात. सुरुवातीची रक्कम हाताशी लागते, हे आधीच ठाऊक असू द्या.

बऱ्याच पालिकांत २०२२ पासून काही वर्षं प्रशासक होते. ठराव करायला सभागृहच नव्हतं, सगळं एका सहीवर चालायचं. नगरसेवक असतील तिथे दोन्हीकडे जा: अर्ज मुख्याधिकाऱ्यांना, प्रत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला.

पायरी ४: जागा मागा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिच्यासाठी कुठलंही पोर्टल नाही. एक कागद लागतो. मी वापरतो तो मसुदा देतो, आपल्यापुरता बदलून घ्या:

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, ______
विषय: पर्यटन हंगामात स्थानिक कारागिरांस विक्रीसाठी जागा मिळणेबाबत.
महोदय, आम्ही खाली सह्या करणारे ___ कारागीर शहरातील रहिवासी असून ___ हा व्यवसाय करतो. नगरपरिषदेच्या मालकीच्या ___ या जागेत दि. ___ ते दि. ___ या काळात दर शनिवार-रविवार, सायं. ४ ते ९ या वेळेत ___ टेबल लावण्यास परवानगी मिळावी. साफसफाईची जबाबदारी आमची राहील. नियमानुसार शुल्क भरण्यास तयार आहोत. प्रत्येक विक्रीची नोंद ठेवून हंगामाअखेर नगरपरिषदेस सादर करू.
सोबत: उद्यम प्रमाणपत्रे, रहिवासी दाखले, कामाचे फोटो, जागेचा हाताने काढलेला नकाशा.

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. 'जागा द्या' एवढंच लिहिलं की अर्ज फिरत राहतो. जागेचं नाव, दिवस, वेळ आणि टेबलांची संख्या दिली की अधिकाऱ्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. साफसफाईचं वाक्य आरोग्य विभागाचा आक्षेप आधीच मिटवतं. हाताने काढलेल्या नकाशाला हसू नका: कुठून पाणी, कुठून वीज आणि चालणाऱ्यांना किती वाट उरते, एवढं दिसलं की स्थळपाहणीचा एक फेरा वाचतो. आणि विक्रीची नोंद पुढच्या वर्षी तुमच्याच कामाला येते, कारण आकडा दाखवणाऱ्या अर्जाला नाही म्हणणं जड जातं.

एकट्याने अर्ज करू नका. पाच-सात जण किंवा बचत गट असेल तर अर्जाला वजन येतं आणि पालिकेला 'एकाचे लाड' केल्याची भीती राहत नाही. गटातून अर्ज केला तर बचत गटांसाठीच्या 'उमेद' अभियानाचं दारही उघडतं. पंचायत समितीतल्या तालुका कक्षाकडून नाव गेलं की मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत पोचता येतं. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांना एकच सांगणं: माल दुप्पट न्या आणि दोनशे रुपयांच्या आतल्या वस्तू जास्त न्या.

जे रस्त्यावरच बसतात त्यांनी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालचं विक्री प्रमाणपत्र मागावं. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या असतात. आपल्या गावात ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हा प्रश्न लेखी विचारून बघा. नुसत्या त्या प्रश्नानेही कधी कधी बैठक लागते.

मोठ्या शहरात कलादालनं आहेत. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात महापालिकेचंच कलादालन आहे. अशा ठिकाणी खाजगी दालनापेक्षा भाडं बरंच कमी असतं, पण तारखा कित्येक महिने आधी जातात.

पायरी ५: पालिकेलाच गिऱ्हाईक करा

वर्षभरात पालिका, पंचायत समिती, जिल्हा परिषद किती सत्कार करतात ते मोजून बघा. प्रत्येक सत्काराला शाल, श्रीफळ आणि एक प्लॅस्टिकची ट्रॉफी. ती ट्रॉफी दुसऱ्या गावाहून येते आणि सत्कारमूर्तींच्या घरी माळ्यावर जाते. त्याच किमतीत लाकडी फळांची परडी देता येते. लहान खरेदीला साधारण तीन दरपत्रकं मागवतात, म्हणून छापील दरपत्रक तयार ठेवा: वस्तूचं नाव, माप, किती नगांना किती दिवस, दर, तुमचा उद्यम क्रमांक, बँक खातं. लेखा विभाग जीएसटी क्रमांक विचारेल. राज्यातल्या राज्यात माल विकता आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, तर नोंदणी सक्तीची नाही, असं साध्या कागदावर लिहून द्या.

देयक दिल्यावर पैसे यायला वेळ लागतो, म्हणून आगाऊ रक्कम मिळत नसेल तर पहिली ऑर्डर झेपेल एवढीच घ्या. ४० नग वेळेवर देणाऱ्याला पुढच्या वेळी २०० ची विचारणा होते.

पायरी ६: आता पैसा

काकांनी ऑर्डरी घेतल्या, आणि एका पावसाळ्यात स्वतःच विचारलं, "ता पाच टक्क्यांचा कर्ज कसा मिळता?" लाकूड एकदम घेतलं तर स्वस्त पडतं, हा हिशेब त्यांचा त्यांनीच केला होता.

पाच टक्के म्हणजे विश्वकर्माचं. सेवा केंद्रात बोटांचे ठसे देऊन नोंदणी होते. मग पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. त्यानंतर पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं. ते नीट फेडलं की दुसरं २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी. तारण नाही. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि घरात सरकारी नोकर असेल तर नाही.

अर्ज कुठे अडकतो? पहिल्याच पायरीवर. पडताळणी तीन टप्प्यांत होते आणि पहिला टप्पा गावात सरपंचाच्या लॉगिनवर, शहरात पालिकेच्या लॉगिनवर असतो. ते लॉगिनच कोणी उघडलेलं नसतं! लोक जिल्ह्याला चकरा मारतात आणि अर्ज दोन गल्ल्या पलीकडे पडून असतो. अर्ज क्रमांक घेऊन ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) जा आणि समोर बसून मंजूर करून घ्या.

नवा उद्योग काढायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योग मंडळामार्फत अर्ज जातो. राज्याचा स्वतःचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आहे. त्याच्या मर्यादा उद्योग केंद्रातून ताज्या विचारून घ्या. पीएमईजीपीचं गणित एकदा कागदावर मांडू, कारण इथे हमखास गैरसमज होतो. समजा गावातल्या एका महिलेचा प्रकल्प ६ लाखांचा आहे. तिचा स्वतःचा वाटा ५ टक्के, म्हणजे ३०,०००. उरलेले ५,७०,००० बँक देते. अनुदान ३५ टक्के, म्हणजे २,१०,०००. हे २,१०,००० तिच्या हातात कधीच येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षं उद्योग चालू दिसला की कर्जात वळते होतात. खऱ्या अर्थाने तिने फेडायचं ते ३,६०,००० आणि त्यावरचं व्याज. शहरात आणि सर्वसाधारण गटात अनुदान १५ टक्क्यांपर्यंत खाली येतं, स्वतःचा वाटा १० टक्के होतो. 'अनुदान आलं की त्यातून हप्ता भरू' असं कोणी सांगत असेल तर उठून या.

एक चूक मी स्वतः केली आहे. वीस वर्षं चालू असलेल्या कामाची फाईल मी पीएमईजीपीला लावली. ही योजना फक्त नव्या उद्योगाला आहे. अर्ज फेटाळला गेला, आणि मुकाट ऐकून घ्यावं लागलं. चालू कामाला विश्वकर्मा किंवा लहान धंद्यांसाठीचं मुद्रा कर्ज बघावं. क्रमही सांभाळा: गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपी घेतलं असेल तर विश्वकर्माचं कर्ज मिळत नाही. मुद्रा किंवा पथविक्रेत्यांचं स्वनिधी कर्ज मात्र पूर्ण फेडलेलं असलं तर चालतं.

पायरी ७: जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या वहीत आपलं नाव घाला

पैठणीला २०१० मध्ये, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन संस्थेच्या नावावर असतं. कोल्हापुरीचं महाराष्ट्राच्या लिडकॉमकडे आणि कर्नाटकच्या लिडकरकडे मिळून आहे. कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. तिचं शुल्क २०२० मध्ये ५०० वरून १० रुपयांवर आणलं. दहा रुपये! तरी बहुतेकांची नोंद नाही, कारण अर्ज चेन्नईच्या कार्यालयात जातो आणि तो भरून कोण देणार.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि इकडे गदारोळ झाला. त्यावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये फेटाळली. दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, असा मुद्दा होता. म्हणजे वहीत नाव कोणाचं आहे त्यावर सगळं येतं. दहा-वीस कारागिरांनी एकत्र येऊन मानांकन असलेल्या संस्थेकडे किंवा जिल्हा उद्योग केंद्राकडे एकाच दिवशी अर्ज भरून घेण्याची मागणी करावी.

रंगमंचावरच्यांसाठी

दशावतार, नमन, भजन, तमाशा, नाटक. इथे 'उद्योग' हा शब्द काढला की मंडळी हसतात, पण कंपनी चालवणं हा उद्योगच आहे. पालिकेच्या नाट्यगृहाचे दर सभागृहाच्या ठरावाने ठरतात, आणि मराठी प्रयोगाला किंवा स्थानिक संस्थेला सवलत हवी असेल तर तीही ठरावानेच मिळते. तालमीसाठी सकाळची रिकामी वेळ मागायला तर काहीच खर्च नाही.

ज्येष्ठांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन सन्मान योजना आहे, महिन्याला ५,००० रुपये. पन्नाशी ओलांडलेली हवी, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि वर्षानुवर्षं कला केल्याचा पुरावा लागतो. तिथेच गाडं अडतं. आयुष्यभर रात्र-रात्र उभा राहून संकासुराचं सोंग केलेल्या माणसाकडे एकही कागद नसतो. म्हणून आजच, तरुणपणी, जत्रेची हँडबिलं, कात्रणं, देवस्थानाचं पत्र, मागे तारीख लिहिलेले फोटो एका पिशवीत घालायला लागा.

पायरी ८: अडलं तर

पंधरा दिवस थांबा, मग पोच घेऊन जा. आणखी पंधरा दिवसांनी आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. रहिवासी दाखल्यासारख्या सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत बांधलेली आहे. मुदत उलटली तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं. योजनेच्या अर्जाचं काय झालं हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपये, तीस दिवस. प्रश्न भांडणाचा नको. 'अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक, आज कोणत्या टेबलावर आहे आणि तिथे किती दिवसांपासून आहे' एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तराच्या आधी फोनच येतो, आणि फोनवरचा माणूस विचारतो, "अहो, एकदा येऊन भेटला असता तर?" भेटायला जरूर जा. जाताना दुसरी प्रत न्या.